श्रम टाळा, पाणी भरपूर प्या

जून उतरणीला लागला की जबलपुरात दोन दिवस पाठोपाठ येतात. १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन, २४ जूनला राणी दुर्गावतीचा बलिदान दिन. पहिल्या दिवशी आरोग्य खातं शिबिरं लावतं, बोटाला सुई टोचून रक्ताचे थेंब घेतले जातात, बॅनरपुढे फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी नर्रई नाल्याजवळच्या समाधीवर फुलं पडतात आणि भाषणांतून गोंडवाना दुमदुमतो. आमंत्रणपत्रिका वेगळ्या, खाती वेगळी, व्यासपीठावरचे पाहुणेही बहुधा वेगळे. माणसं मात्र तीच. ज्या राणीचा जयजयकार होतो ती ज्यांच्यावर राज्य करत होती त्या गोंडांचीच पोरं हाडांच्या दुखण्याने रात्र रात्र कण्हत असतात. या दोन दिवसांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे मधल्या चार दिवसांत कुणी मोठ्याने म्हणत नाही. आम्हाला तो संबंध जबलपूरच्या अधारताल या भागाच्या निमित्ताने मांडायचा आहे.

अधारताल हे नाव राणीच्या दिवाणाचं, आधारसिंहाचं. राणीचा तो राणीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि दिवाणाचा अधारताल अशी जबलपूरची जुनी आख्यायिका आहे. बावन्न तलावांचं गाव म्हणून मिरवणाऱ्या या शहरात त्यातले किती उरले, ते विचारण्यात अर्थ नाही. १५६४ साली मोगल सरदार आसफ खानाच्या फौजेशी लढताना राणी पडली. त्यानंतरही तिचं गढा-मंडल्याचं राज्य कसंबसं टिकून राहिलं आणि १७८१ मध्ये ते संपवलं सागरच्या मराठ्यांनी. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांना आणि त्यांच्याकडे लग्नाकार्याला नागपूरहून जाणाऱ्या आपल्यालाही हा तपशील फारसा आठवत नाही. आठवायला हरकत नाही.

आजचा अधारताल म्हणजे कटनी रस्त्यावरची वर्दळ, औद्योगिक वसाहत, कॉलन्यांमागून कॉलन्या आणि १९६४ पासून इथे असलेलं जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. मंडला-डिंडोरीकडून कामाला येणाऱ्या माणसांना शहर अशाच भागांतून सामावून घेतं. कुणी बांधकामावर, कुणी हमालीला, कुणी घरकामाला. यातले कित्येक स्वखुशीने आलेले नाहीत. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांमध्ये बरगीचं धरण पहिलं पुरं झालं. १९९० मध्ये ते भरलं आणि मंडला, सिवनी, जबलपूर या जिल्ह्यांतली १६२ गावं त्यात गेली. बुडणार म्हणून सरकारने धरली होती १०१. उरलेल्यांना पाणी दाराशी आल्यावर कळलं. त्या विस्थापितांत गोंड मोठ्या संख्येने होते, आणि त्यातले पुष्कळजण जबलपूरच्या झोपडपट्ट्यांत येऊन सायकलरिक्षा ओढू लागले. ज्याच्या अंगात सिकलसेल आहे अशा माणसाने सायकलरिक्षा ओढणं म्हणजे काय, हे कळायला आधी आजार समजून घ्यावा लागेल.

निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचीक असते, केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही मुडपून निघून जाते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेत एक बारीक बदल असतो. प्राणवायू कमी पडला की पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते आणि अरुंद जागी अडकते. पुढचं रक्त थांबतं. मग हाडांत, छातीत, पाठीत जी कळ उठते तिला डॉक्टर क्रायसिस म्हणतात. लहान बाळाचे हातपाय सुजतात. घरचे आधी झाडफूंक करणाऱ्याकडे जातात. प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा न्यूमोनिया जिवावर बेततो. आईबाप दोघंही वाहक असतील, म्हणजे दोष अंगात असूनही स्वतः आजारी नसतील, तर प्रत्येक बाळंतपणात पंचवीस टक्के शक्यता असते की मूल ग्रस्त निघेल. विदर्भात लोक याला सरळ ‘एसएस पॅटर्न’ म्हणतात, आणि वाहकाला ‘एएस’.

हा दोष जातीने दिला नाही, मलेरियाने दिला. वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. ज्या रानात डास होते तिथे ही जनुकं टिकली. पण रान सुटलं, गाव बदललं, तरी ती त्याच घरांत फिरत राहिली, कारण लग्न जातीबाहेर होत नव्हतं. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बेटीबंदी हाच जातीचा गाभा म्हणून दाखवला होता. त्यांचा विषय समाजरचनेचा होता, पण रक्ततपासणीचे तक्ते पाहिले की त्यातही ते कुंपण दिसतं. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं ते १९५८ साली. तेव्हापासून चित्र तेच आहे: विदर्भात पूर्वाश्रमीचे महार, गोंड, परधान, माडिया, नंदुरबारकडे भिल्ल आणि पावरा, मंडला-डिंडोरीत गोंड. शहरी मध्यमवर्गाने या आजाराचं नाव ऐकलं तेही बहुतेक शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात.

आता दवाखान्यातल्या चिठ्ठीकडे येऊ. सिकलसेलचं निदान झालं की रुग्णाला जो सल्ला मिळतो तो जगभर साधारण सारखाच आहे. पाणी भरपूर प्या. अति श्रम टाळा. थंडीत आणि पावसात भिजू नका. उन्हात राबू नका. सकस खा. फोलिक ॲसिडची गोळी रोज घ्या. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वैद्यकीयदृष्ट्या यातला एकही शब्द चुकीचा नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि पेशी वाकतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. दमछाक झाली की प्राणवायू कमी पडतो.

पण ही चिठ्ठी घेऊन जाणारी बाई कोण आहे? पावसाळ्यात ती भाताच्या रोवणीला असते. दिवसभर घोटाभर-गुडघाभर गार पाण्यात, कमरेत वाकून, वरून पाऊस. श्रम, थंडी आणि भिजणं हे तिन्ही एकदम. रोवणी संपली की नवरा-बायको शहरात येतात. बांधकामाच्या जागेवर सिमेंट कालवायला पाण्याचा टँकर येतो, प्यायच्या पाण्याची सोय आपली आपण. बायका मुद्दाम कमी पाणी पितात, कारण लघवीला आडोसा नसतो. हे कुठल्याही बांधकामावरच्या बाईला विचारा, ती थोडी लाजून सांगेल. मार्च ते जून वीटभट्टी. ‘सकस खा’ या शब्दांवर तर न बोललेलं बरं. आणि ताप आला तर त्याच दिवशी? त्या दिवशीची मजुरी गेली, सोबत येणाऱ्याचीही गेली, मंडल्याहून जबलपूरचं मेडिकल कॉलेज गाठायचं तर शंभर किलोमीटरच्या घरात प्रवास. डिंडोरीहून आणखी जास्त. म्हणून लोक तापाचा एक दिवस बघतात, दुसरा बघतात. या आजारात दुसरा दिवस कधी कधी फार उशिराचा असतो.

थोडक्यात, डॉक्टरचा सल्ला पाळण्यासाठी आधी बसून खाण्याइतकी जमीन, पक्कं घर, नळ, संडास आणि पगारी रजा लागते. अधारतालच्या एखाद्या नोकरदार घरात हा आजार निघाला तर तो कठीण पण सांभाळता येणारा आजार आहे. त्याच रस्त्यावरच्या पत्र्याच्या खोलीत निघाला तर तो वेगळाच आजार होतो. जनुक मात्र दोन्हीकडे एकच.

यात आणखी एक भर पडते. क्रायसिस बाहेरून दिसत नाही. जखम नाही, प्लास्टर नाही, काल चांगला चालत होता आणि आज उठत नाही. मुकादम त्याला कामचोर म्हणतो. शाळेत मास्तर म्हणतात, याचं नेहमीचंच. महिन्यातले चार-सहा दिवस गैरहजर राहणारं मूल सहावी-सातवीत आपोआप गळतं, आणि पुढे त्याच्या वाट्याला तेच काम येतं जे त्याच्या शरीराला सगळ्यात जास्त मारक आहे. सासरी तर सुनेचं दुखणं हे ढोंगच असतं. अमेरिकेतही हे चुकलेलं नाही. तिथे काळ्या रुग्णाने तीव्र वेदनाशामक मागितलं की तो नशेसाठी मागतो आहे असा संशय घेतला जातो, अशा तक्रारी दशकानुदशकं होत आल्या आहेत. वेदना सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्याच्या सामाजिक पायरीवरून ठरतं. ही पायरी कुठल्याही रक्ततपासणीत येत नाही.

आर्थिक तंगी एवढंच याचं कारण असतं तर गोष्ट सोपी होती. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता यांनी २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य प्रदेशासह नऊ राज्यांतल्या दोन कोटींहून अधिक लोकांची सर्वेक्षणातली माहिती त्यांनी तपासली. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचं आयुर्मान चार वर्षांहून जास्त कमी निघालं, दलितांचं तीन वर्षांहून जास्त, मुसलमानांचं साधारण एक वर्ष. खरी बोचणारी गोष्ट पुढे आहे. सांपत्तिक स्थितीचा फरक हिशेबात धरला तरी या दरीचा निम्माही उलगडा होत नाही. म्हणजे सारख्याच ऐपतीच्या दोन घरांत जन्मलेल्या दोन मुलांपैकी एक, केवळ आडनावामुळे, लवकर मरण्याची शक्यता जास्त. त्या उरलेल्या, अर्ध्याहून मोठ्या भागात काय काय असेल? गावाच्या कडेला ढकललेली वस्ती आणि तिथवर न येणारी नर्सबाई. दवाखान्यात उभं कुठे करतात ते. भाषा न समजणारा डॉक्टर आणि ती समजून घ्यायची गरज न वाटणारा कंपाउंडर.

इथे कुणी म्हणेल की आजार आनुवंशिक आहे, त्याला समाज काय करणार. याचं उत्तर आकड्यांत आहे. अमेरिकेत १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सिकलसेलग्रस्तांचं मध्यम आयुष्य चौदा वर्षांचं होतं. १९९४ च्या पाहणीत ते पुरुषांचं बेचाळीस आणि स्त्रियांचं अठ्ठेचाळीस झालं होतं. जनुक बदललं नव्हतं. या आजारावरच्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाला तिथे मान्यता मिळाली ती त्याहीनंतर, १९९८ मध्ये. मधल्या काळात घडलं ते एवढंच: नवजात बाळांची तपासणी होऊ लागली, १९८६ च्या प्रयोगानंतर लहान मुलांना रोज पेनिसिलिन देणं रूढ झालं, आणि ताप आला की मूल इस्पितळात पोचू लागलं. पेनिसिलिनइतकं जुनं, स्वस्त औषध दुसरं क्वचित असेल. आता २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने जनुकसंपादनाचा उपचार मंजूर केला. अमेरिकेतली त्याची किंमत बावीस लाख डॉलर. त्याच्या बातम्या आपल्याकडे कौतुकाने छापल्या गेल्या. छापाव्यात. पण डिंडोरीच्या मुलाला वाचवायला लागणारी गोष्ट कित्येक दशकांपूर्वीच सापडलेली आहे.

सरकार काहीच करत नाही असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. १ जुलै २०२३ रोजी पंतप्रधानांनी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू केली. सतरा राज्यांतल्या चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजार संपवणं हे तिचं उद्दिष्ट. जबलपुरातच, मेडिकल कॉलेजच्या शेजारी, आयसीएमआरची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था १९८४ पासून आहे. या संस्थेचं एक जुनं काम सांगण्यासारखं आहे. मंडला जिल्ह्यातल्या तिलईपानी गावात हातपंप आले, त्यांच्या पाण्यात फ्लोराइड होतं, आणि मुलांचे पाय गुडघ्यातून वाकू लागले. डॉ. तपस चकमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याचा स्रोत बदलण्याबरोबर कॅल्शियम आणि क जीवनसत्त्वाची जोड दिली, आणि त्यासाठी बांधावर उगवणारी चकोड्याची भाजी खायला सांगितली. आपण तिला टाकळा म्हणतो, विदर्भात तरोटा. कोवळी असताना पहिल्या पावसात खुडतात, लसणाच्या फोडणीत परततात. लोकांच्या ताटात काय येऊ शकतं हे पाहून दिलेला सल्ला असा असतो. ‘सकस खा’ म्हणणं आणि तरोटा दाखवणं यांत जो फरक आहे, तोच सिकलसेलच्या मोहिमेत आम्हाला शोधूनही सापडत नाही.

कारण मोहिमेचा भर तपासणीवर आणि कार्डावर आहे. प्राथमिक तपासणी अगदी साधी असते. रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकायचा, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुडाल्या तर दोष आहे. पण वाहक की ग्रस्त हे त्यातून कळत नाही, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला ही चाचणी उपयोगाचीच नाही. म्हणजे ज्या वयात पेनिसिलिनने जीव वाचतो त्याच वयाचं मूल शिबिरातून निसटतं. पुढची पक्की तपासणी होऊन कार्ड हातात आलं की सांगितलं जातं: लग्न जुळवताना कार्डं जुळवून पाहा. विचार चांगला आहे. व्यवहारात काय होतं? मुलीचं कार्ड आधी पाहिलं जातं. ती नुसती वाहक असली, म्हणजे तिला काहीही आजार नसला, तरी स्थळ मोडतं. मुलाचं कार्ड ‘हरवलेलं’ असतं. अमेरिकेने हा धडा महागात गिरवला आहे. सत्तरच्या दशकात तिथे वाहकांच्या सक्तीच्या तपासण्या झाल्या, आणि निरोगी माणसांना विमा आणि नोकऱ्या नाकारल्या जाऊ लागल्या. तिथल्या हवाई दलाच्या प्रबोधिनीचे दरवाजे वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते.

महाराष्ट्रात याच वळणाचा अनुभव डॉ. अभय बंग यांनी सांगितलेला आहे. गडचिरोलीत सुरुवातीच्या काळात त्यांनी सिकलसेल शोधून काढला, संशोधन झालं, आणि मग लक्षात आलं की लोकांना त्यात रस नाही. गावकऱ्यांच्या हाती त्यातून काहीच पडत नव्हतं. पुढे बंग यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने २०१८ मध्ये देशातल्या आदिवासींच्या आरोग्यावर सविस्तर अहवाल दिला. तो वाचायला कठीण नाही. त्यावर बोलणं सत्ताधाऱ्यांना कठीण जात असावं. नागपूरच्या संपत रामटेके यांची वाट वेगळी होती. सिकलसेल त्यांच्या घरातच होता. त्यांनी रुग्ण आणि पालकांची संघटना उभी केली, आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी दारात पालक स्वतः उभे राहतात तेव्हा मागणी बदलते: कार्ड नको, गोळी द्या, रक्त द्या, दाखला द्या.

दाखल्याचीही एक गंमत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या एकवीस प्रकारांत घेतलं. त्याचं स्वागत झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्याच कायद्याच्या चौतिसाव्या कलमात सरकारी नोकऱ्यांतलं चार टक्के आरक्षण ज्यांना दिलं त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. उच्च शिक्षणात जागा आहे, नोकरीत नाही. म्हणजे अंगमेहनत ज्याला वर्ज्य आहे अशा तरुणाला बसून करायच्या कामाचा हक्क सोडून बाकी सगळं दिलं. हा मसुदा लिहिणाऱ्यांनी कधी क्रायसिसमधला माणूस पाहिला नसावा.

राणीच्या पाचशेव्या जयंतीला, ५ ऑक्टोबर २०२३ रोजी, जबलपुरात तिच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं. एकवीस एकर जागा, बावन्न फुटी कांस्यपुतळा, शंभर कोटींचा अंदाज. हे पैसे दवाखान्याला द्या असं म्हणण्याचा मोह होतो, पण आम्ही ते म्हणणार नाही. ज्या समाजाचा इतिहास पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकला गेला, त्याला आपल्या राणीचा उंच पुतळा हवासा वाटला तर तो त्याचा हक्क आहे. पुतळा की औषध हा प्रश्न फक्त गरिबांनाच का विचारला जातो? दोन्ही द्या.

आमची मागणी लहान आहे. हायड्रॉक्सियुरिया राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, किंमत परवडणारी आहे, आणि तरी ते तालुक्याखाली पोचता पोचता आटतं. कर्करोगातही वापरतात म्हणून लहान केंद्रातला डॉक्टर ते द्यायला बिचकतो. मधूनमधून रक्तपेशी मोजाव्या लागतात, ते यंत्र नसतं. रुग्णाला चार आठवडे मिळतं, पुढचे सहा मिळत नाही. मंडला, डिंडोरी, शहडोलच्या आरोग्य केंद्रांत पावसाआधी चार महिन्यांचा साठा ठेवावा. त्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक बाळंतपणात बाळाची योग्य चाचणी व्हावी आणि पेनिसिलिन घरपोच आशाताईंच्या पिशवीत असावं. जबलपूरसारख्या शहरात, जिथे हीच माणसं वर्षातले सहा महिने राबायला असतात, गावच्या कार्डावर गोळ्या मिळाव्यात; अधारतालच्या दवाखान्याने ‘तुमचं नाव मंडल्यात आहे’ म्हणून परत पाठवू नये. क्रायसिसच्या दिवसांची मजुरी बांधकाम कामगार मंडळाच्या निधीतून भरून द्यायला कायद्याची फार मोठी अडचण येऊ नये. हे मंडळ बांधकामाच्या खर्चावर उपकर घेतं आणि तो पैसा याच मजुरांचा आहे.

१९ जूनच्या शिबिरांत किती जणांचं रक्त तपासलं हा आकडा २० तारखेच्या वर्तमानपत्रांत येतो. ऑगस्टच्या अखेरीस, नाले भरलेले असताना, कोणत्या जिल्ह्यात किती ग्रस्तांना सलग तीन महिने औषध मिळालं आणि किती बाळांना पेनिसिलिन सुरू झालं, हा आकडा कुठेच छापून येत नाही. तो जिल्हावार, दर महिन्याला जाहीर करावा.